घरात राहणारी माणसं

दक्षिण कारागृह
११ मार्च

ती. कार्लीनताईस,
धाकट्या रैनोचा सा. न. वि. वि.

बातमी आधी सांगतो, बाकीचं मग. बोर्डाने माझा पॅरोल मंजूर केला. जूनच्या सुरुवातीला सोडतील. टेबलापलीकडे तिघं बसले होते. एकाने विचारलं, की बाहेर गेल्यावर सगळ्यांत आधी काय करणार. मी म्हणालो, शनिवारी सौना तापवून वाफेत न्हाणार. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. शेजारची बाई मात्र आपल्या भागातली असावी. ती खाली बघून हसली.

सुटायचं तर पत्ता लागतो. कुठे राहणार, कोणाबरोबर, हे ते आधी तपासून घेतात. मी तुला न विचारता आपल्या घराचा पत्ता दिला. दुसरा कुठला मला पाठच नाही. पॅरोलच्या साहेबांचा तुला फोन येईल.

घरात तुझं पाळणाघर चालतं, हे मी विसरलेलो नाही. मी घरात पाऊल टाकणार नाही. अंगणातल्या सौनाच्या पुढच्या खोलीत राहीन. तिथे एक खाट मावते आणि भिंतीपलीकडे शेगडी आहे. आजोबांनी मायदेश सोडून तिथे आल्यावर आधी सौनाच बांधला होता. घर उभं राहीपर्यंत दोन हिवाळे सगळे त्यातच राहिले, आणि बाबा तर जन्मले तिथे. तेव्हा हाकाला घराण्यात सौनात राहणारा मी पहिला नव्हे. पहिला कैदी मात्र आहे.

मी बाबांच्या शेवटच्या आजारात नव्हतो. मातीलाही नव्हतो. तेव्हापासून तू एकटी लाकडं फोडतेस. ते काम तरी मला करू दे. दारूचं म्हणशील, तर नऊ वर्षं झाली. इथे ती मिळत नाही असं समजू नकोस. मिळते. मी घेत नाही.

तू पाठवलेलं घोड्याचं चित्र भिंतीवर लावलंय. एमरी म्हणजे तुझ्याकडची तीन वर्षांची ना? तिच्या घोड्याला पाच पाय आहेत. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणतो, ती गाय आहे. आमचा वाद चालू आहे.

उत्तराची वाट पाहतो. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
रैनो

* * *

निएमी कॉर्नर
२ एप्रिल

चि. रैनो यास,
कार्लीनचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. यंदा हिवाळा हलायलाच तयार नाही. मागच्या नळात पाणी गोठलं, पोरं एकामागून एक आजारी पडली, आणि मग मीही.

पॅरोल मिळाला हे वाचून बाबांच्या फोटोपाशी जाऊन त्यांना सांगितलं. खूप बरं वाटलं.

आता पत्त्याचं. रैनो, ते जमणार नाही. राज्याचा नियम असा आहे, की ज्या घरात पाळणाघर चालतं त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची चौकशी होते. बोटांचे ठसे घेतात, पोलिसांकडच्या नोंदी बघतात, मुलांच्या छळाच्या नोंदी बघतात, आणि माणूस दुसऱ्या राज्यात राहिला असेल तर तिथल्याही मागवतात. माझी स्वतःचीही चौकशी झालीय, आणि ठराविक वर्षांनी पुन्हा होते. नोंद निघाली की परवान्यावर गदा येते. या घराला परवान्याशिवाय दुसरा आधार नाही.

सौनाचंही मी विचारलं. परवाना खात्याच्या मिसेस ड्वोरॅक वर्षाच्या तपासणीला आल्या होत्या. त्यांना अंगणात नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, की आवार एक, विहीर एक, विजेचं मीटर एक, म्हणजे घर एक. सौना मोजला जातो. मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे सौना म्हणजे घर नव्हे. त्या म्हणाल्या, की तुमचे वडील तिथेच जन्मले असं आत्ता तुम्हीच सांगितलंत.

माझ्या हातात असतं तर गोष्ट निराळी होती. पॅरोलच्या साहेबांचा फोन आला तेव्हा त्यांनाही मी हेच सांगितलं. मी सायमामावशीला लिहिते आहे. तिची वरची खोली रिकामी आहे आणि तिच्या घरात मुलं नाहीत. हेरिंग पॉइंट काही लांब नाही.

तो घोडाच आहे. म्हाताऱ्याला सांग.

तब्येत सांभाळ. मनात काही ठेवू नकोस, आणि माया होती तशीच ठेव.

तुझी
कार्लीन

* * *

निएमी कॉर्नर
२ एप्रिल

ती. सायमामावशीस,
कार्लीनचा सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? मागच्या आठवड्यात तू पाठवलेला गोड पाव, तुझा नीसू, पोचला. वेलदोड्याच्या वासाने पोरं खोक्याभोवती जमली. मला एकच तुकडा राहिला.

एक विनंती आहे. रैनो जूनमध्ये सुटतोय. तुझ्या वरच्या खोलीत त्याला ठेवून घेशील का? इथे त्याला राहता येणार नाही. पाळणाघराच्या नियमाचं मी त्याला लिहिलं आहे.

मी त्याला जे लिहिलं ते खरं आहे. फक्त अर्धं आहे. हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून तुला सांगते.

सौना घरात मोजला जातो, असं मिसेस ड्वोरॅक म्हणाल्या. मग त्या असंही म्हणाल्या, की तेव्हा भावाचं नाव घरात राहणाऱ्यांत लिहा आणि ठसे द्यायला सांगा. सरसकट अडवणाऱ्या गुन्ह्यांची एक यादी असते. मुलांवरचे अत्याचार, खून, जाळपोळ, असले. रैनोचा गुन्हा त्यात नाही. दारू पिऊन गाडी चालवली आणि बाजूला बसलेला मित्र गेला, अशा प्रकरणात माणूस बघून ठरवतात. दारू सुटली असेल आणि वागणूक नीट असेल तर बहुधा हो म्हणतात. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. मी बघते म्हणाले आणि त्यांना कॉफी दिली.

मी काहीच बघितलं नाही.

मावशी, रोज सकाळी जोलीन लाम्पी आपली मुलगी माझ्या हातात देते. गाडीत गेलेल्या त्या कर्टिसची सख्खी बहीण. माझ्यावर विश्वास आहे म्हणून देते, की गावात दुसरं पाळणाघर नाही म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही. आम्ही हवेविषयी बोलतो. बर्फ किती पडलं, पडणार किती. तीन वर्षं आम्ही बर्फाविषयीच बोलतोय. रैनो अंगणात लाकडं फोडतोय आणि ती गाडीतून उतरतेय, हे माझ्याच्याने बघवणार नाही.

एमरी तिचीच मुलगी. रैनोला ते ठाऊक नाही. तिने काढलेला घोडा मी सहज पाकिटात घातला, आणि त्याने तो भिंतीवर लावलाय.

तू रागावशील. रागाव, पण त्याला ठेवून घे.

तुझ्या मायेवरच आहे,
कार्लीन

* * *

हेरिंग पॉइंट
१० एप्रिल

चि. कार्लीन हीस,
मावशीचे शु. आ.

त्याला पाठव. वरच्या खोलीचं छत ठेंगणं आहे. डोकं आपटेल. दोनदा आपटलं की वाकायला शिकेल, तुझे काका शिकले तसा.

तू मला गुपित सांगितलंस ते काही बरं केलं नाहीस. या वयात मला एवढंच लक्षात राहतं, की शेगडी बंद केली का. आता कोणाला काय सांगायचं नाही हेही लक्षात ठेवायचं. त्याने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. नाही विचारलं तर उकरणार नाही. याहून जास्त माझ्याकडून मागू नकोस.

नियमाला मी नावं ठेवत नाही. आमच्या वेळी पोरं सांभाळायला कोण येतंय हे कोणी विचारत नसे. त्याचं काय काय झालं ते बायका कॉफी संपल्यावर हळू आवाजात बोलत, आणि आम्ही पोरी आत गेलो की गप्प होत. तेव्हा विचारतात ते चांगलंच आहे. पण तुझ्या बाबतीत विचारायला राज्य आलं होतं, आणि तू दार उघडलं नाहीस. तेवढं नियमाच्या नावावर घालू नकोस.

जोलीनचं म्हणतेस ते मला समजतं. ती घाबरली तर तिला घाबरू दे. तिच्या वाटचं तू कशाला घाबरतेस?

नीसू पुन्हा पाठवीन. या वेळी दोन लाद्या. एक लपवून ठेव.

देव भलं करो.
सायमा

* * *

हेरिंग पॉइंट
६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी इथे रुळलो. डोकं फक्त एकदा आपटलं. मावशी म्हणते, दुसरं अजून बाकी आहे.

बाहेर आल्यावर सगळ्यात अवघड काय, तर मला दार उघडायला वेळ लागतो. आत दारं आमची आम्ही उघडत नव्हतो. परवा दुकानाच्या दारासमोर उभा राहिलो, ते कोणी उघडेल म्हणून वाट बघत. मागचा माणूस म्हणाला, की आत जायचंय का आयुष्य इथेच काढायचंय. मी म्हणालो, बराच काळ काढून झालाय.

चर्चच्या तळघरात इथेही पाळणाघर आहे. बॉयलर बघायला, जमीन पुसायला, बर्फ काढायला त्यांना माणूस हवाय. पास्टरनी मावशीच्या घरी येऊन मला विचारलं. मी सांगितलं की माझं जमणार नाही, आमच्या ताईचं पाळणाघर आहे, तिने नियम समजावून सांगितलाय, नोंद निघाली की संपलं. पाळणाघराच्या बर्नीसबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, की तुमच्या ताईंचं बरोबर असेल, पण ठसे द्यायला काय जातं. मावशी नेमकी त्याच वेळी ओव्हनकडे वळली.

तर आम्ही दोघं ठसे द्यायला गेलो. मावशीलाही द्यावे लागले. ती तिथे आठवड्यातून दोनदा नीसू घेऊन जाते आणि मुलांजवळ बसते. आता तसं बसणाऱ्यालाही चौकशी आहे. यंत्राची एक काच असते, तिच्यावर बोट टेकायचं. मावशीने टेकलं. यंत्र म्हणालं, पुन्हा. तिने पुन्हा टेकलं. दहाच्या दहा बोटं झाली, एकही उमटेना. चाळीस वर्षं मासळी साफ करून तिच्या बोटांवर रेघच उरली नाही. काउंटरवरचा माणूस जेरीस आला. त्याने विचारलं, की आजी, तुमचे ठसे गेले कुठे. ती म्हणाली, की टोपल्यांत. निम्म्या राज्याने खाल्ले.

माझे पहिल्याच फटक्यात उमटले. तो म्हणाला, की अशी स्वच्छ बोटं आठवड्यात एखादीच येतात. मी म्हणालो, यांना सराव आहे.

आशा धरलेली नाही. पण ठसे देऊन आलो.

सौनाच्या खिडकीची काच मी आत गेलो तेव्हा तडकलेली होती. बदललीस का? लोभ आहे, तो पुरवून वापर.

रैनो

* * *

निएमी कॉर्नर
१४ जुलै

चि. रैनो यास,
अ. आ.

घाईत लिहिते आहे. पोरं झोपली आहेत तेवढ्यात.

तू ठसे दिलेस ते वाचलं. द्यायला नको होतेस. नकार आला की त्याचीही नोंद राहते असं म्हणतात. मला खात्री नाही. लहान गाव आहे, चर्चमधल्या सगळ्यांना कळेल आणि मावशीला मान खाली घालावी लागेल. अजून उत्तर आलं नसेल तर अर्ज मागे घेता येतो. बंदरावर काम मिळेल. बोटींना रंग द्यायला माणसं लागतात, आणि तिथे असलं काही विचारत नाहीत.

तुझ्या भल्यासाठी सांगते आहे.

काच बदललेली नाही. सौनाच्या पुढच्या खोलीत मी पोरांच्या जुन्या खाटा, गाद्या, मोडकी खेळणी भरून ठेवली आहेत. आता आत पाय ठेवायला जागा नाही.

मावशीला नमस्कार सांग.

कार्लीन

* * *

हेरिंग पॉइंट
३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, राज्याने हो म्हटलं.

खात्याचं पत्र बर्नीसबाईंच्या नावे आलं. त्यांनी मला बॉयलरच्या खोलीत येऊन सांगितलं. मी पात्र आहे. एवढंच लिहिलंय, एका ओळीत. मी त्यांना ती ओळ दोनदा वाचायला लावली. त्यांनी तिसऱ्यांदा आपणहून वाचली.

मावशीचं मात्र आलं नाही. तिचे ठसे दुसऱ्यांदा परत आले. आता म्हणे नुसत्या नावावरून शोधतील, त्याला वेळ लागतो. तोवर तिला मुलांच्या खोलीत जायला बंदी. तेव्हा नीसू भाजते ती आणि आत घेऊन जातो मी. ती दाराबाहेर बाकावर बसते, आणि मी बाहेर आलो की कोणी किती खाल्ला ते विचारते. उभ्या जन्मात तिने साधा लाल दिवा तोडलेला नाही. काल म्हणाली, की या घरात चारित्र्याचा दाखला फक्त तुरुंगातून आलेल्या माणसाकडे आहे. आणि इतकं हसली, की तिला खोकला लागला.

मी ते अर्ज मागे घेण्याचं केलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. झाला नसता तरी बहुधा घेतला नसता.

तुझ्या बाबतीत असं असेल, की एप्रिलनंतर नियम बदलला. किंवा मिसेस ड्वोरॅक यांना नीट ठाऊक नसेल. सरकारी लोकांनाही सगळं ठाऊक असतंच असं नाही. तू त्यांना सवडीने एकदा फोन कर. घाई नाही. मी इथे बरा आहे. पण पानगळीआधी आपल्या घराच्या छताला डांबर लावायला हवं, आणि ते तू शिडीवर चढून लावलेलं मला आवडणार नाही.

तुरुंगातून निघताना घोडा बरोबर आणला. वरच्या खोलीत लावलाय. छत ठेंगणं, त्यामुळे तो माझ्या अगदी नाकासमोर असतो. आता पाचवा पाय मला शेपूट वाटू लागलाय.

तुझा
रैनो

* * *

निएमी कॉर्नर
१९ ऑगस्ट

प्रिय रैनो,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

नियम बदललेला नाही. मिसेस ड्वोरॅक यांना नीट ठाऊक होतं, आणि मलाही. एप्रिलमध्ये त्यांनी सांगितलं होतं, की नाव लिहा, ठसे देऊ द्या, बहुधा हो होईल. मी तुला त्यातलं निम्मं लिहिलं. राज्याने तुला नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं.

तू पत्रात मला एक वाट काढून दिलीस. नियम बदलला असेल, असं लिहिलंस. चार दिवस मी त्या वाटेवर उभी होते. होय, बदलला, असं लिहिलं की झालं होतं. तू मानलंही असतंस, निदान तसं दाखवलं असतंस. मला ते लिहिता आलं नाही.

जुलैतलं ते पत्र आठवलं की मला माझीच किळस येते. तुझ्या भल्यासाठी, असं मी लिहिलं होतं. तुला नकार येईल या भीतीने नव्हे, होकार येईल या भीतीने मी ते लिहिलं. आणि सौनात खाटा मी मार्चमध्ये भरल्या, तुझं पत्र आल्यावर. त्याआधी ती खोली मोकळी होती.

एमरी जोलीन लाम्पीची मुलगी आहे. कर्टिसची भाची. हे मी तुझ्यापासून लपवलं, आणि तू येणार आहेस हे जोलीनपासून लपवलं. स्वतःला सांगत होते, की जोलीनसाठी. पण ती नसती तरी मी दुसरं काही शोधलं असतं. बाबा गेल्यापासून या घरात मी एकटी असते. संध्याकाळी पोरं गेली की खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवते, आणि मग आवाज बंद. मला त्याची चटक लागली आहे. तू आलास की तू विचारणार, बाबा शेवटी काय बोलले. ते तुझं नाव घेत होते. मी त्यांना सांगितलं होतं, की रैनो वाटेत आहे, येतोय. तुला हे सांगायचं टाळत राहिले.

गेल्या सोमवारी मी जोलीनला सांगितलं. ती एमरीला गाडीत बसवत होती. मी म्हणाले, की भावाचं नाव मी घरातल्या माणसांत लिहिणार आहे, तुला आधी सांगायला हवं म्हणून सांगते. तिने पट्टा लावला, दार लावलं, गेली. मंगळवारी आली नाही. बुधवारी आली नाही. मी एमरीच्या खुंटीवरचा टॉवेल धुऊन पुन्हा तिथेच लावला.

गुरुवारी आली. अंगणात उभी राहिली आणि पहिल्यांदाच हवेविषयी बोलली नाही. म्हणाली, “राज्य काय म्हणतं ते मला सांगू नकोस. तो कुठेही राहू दे. पण सकाळी दार तो उघडणार नाही. दार तूच उघडायचं.” मी हो म्हणाले. मग तिने विचारलं, की त्याने लाम्पींच्या घरी कधी पत्र लिहिलं होतं का. मी म्हणाले, की मला माहीत नाही. ती म्हणाली, की लिहिलं होतं, दर वर्षी एक, आणि तिची आई ती न फोडता ठेवते. टाकत नाही, एवढंच. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. लपवणारी मी एकटी नाही, असं वाटून क्षणभर बरं वाटलं. लगेच त्याचीही लाज वाटली.

तुझं नाव मी लिहिलं. घरात राहणाऱ्यांत आजवर एकच नाव होतं. आता माझ्या खाली तुझं आहे. मिसेस ड्वोरॅक म्हणाल्या, की ठसे राज्याकडे आहेतच, फार दिवस लागणार नाहीत. सौनातल्या खाटा काढल्या. खोली झाडली. काच मात्र तुझ्यासाठी ठेवलीय.

ये म्हणायचा हक्क मला उरला आहे की नाही, ते तू ठरव.

कार्लीन

* * *

हेरिंग पॉइंट
५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस बॉयलरच्या खोलीतच काढले. मग मावशीला विचारलं, की तुला ठाऊक होतं का. ती म्हणाली, हो. आणि भांडी घासू लागली. ती भांडी आधीच घासलेली होती.

राज्याने नाही म्हटलं असतं तर मला चाललं असतं. त्याची मला सवय आहे. पत्र येतं, खाली सही असते, सही करणाऱ्याला आपण कधी पाहिलेलं नसतं. तुझी सही मी लहानपणापासून ओळखतो. माझ्या शाळेच्या कागदांवर आईऐवजी तूच करायचीस.

रागावलो आहे. ते लपवत नाही. पण मी ज्याच्यासाठी आत गेलो, ते विसरून तुझ्यावर रागावणं मला नीट जमतही नाही. कर्टिस बाजूच्या जागेवर बसला होता. आता मला गाडी चालवायचा परवाना नाही, म्हणून सगळीकडे मीच बाजूच्या जागेवर बसतो. रोज.

नियम बदलला असेल, असं मी लिहिलं, ते मला तसं वाटलं म्हणून नव्हे. मावशी ओव्हनकडे वळली तेव्हाच मला थोडा वास आला होता. नीसूचा नव्हे.

बाबांना तू जे सांगितलंस, ते मीही सांगितलं असतं.

घोडा भिंतीवरून काढला. या पाकिटात आहे. तो तिने तुला दिला होता, मला नाही. जोलीनला काही सांगू नकोस. एमरीच्या खुंटीजवळ लाव.

आता येण्याचं. मी राहायला येत नाही. इथे बॉयलर आहे, हिवाळा तोंडावर आला आहे, आणि मावशीचं नावावरून शोधणं अजून चालूच आहे. नीसू आत न्यायला दुसरं कोणी नाही. शिवाय जोलीनला रोज सकाळी माझ्या खिडकीकडे न बघता चालावं लागेल. ते ओझं तिच्यावर घालायचं नाही.

पण पॅरोलच्या साहेबांची परवानगी काढली आहे. शनिवारी दुपारी मावशी आणि मी येतोय. गाडी ती चालवणार, तेव्हा पोचू तेव्हा पोचू. काच आणि डांबर घेऊन येतो. बर्चची लाकडं वापर, पाइन नको, धूर होतो. आधी तुम्ही बायका न्हाऊन घ्या. मी मागाहून जाईन आणि जरा वेळ बसेन. पोरं शनिवारी नसतात, त्यामुळे दार कोणी उघडायचं हा प्रश्न नाही. तरी मी दारात उभा राहीन. तू उघड.

माझं नाव तू घरात राहणाऱ्यांत लिहिलंस. मी राहणार नाही म्हटल्यावर ते खोडावं लागेल. नियम तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. खोड. पण सोमवारी. शनिवारपर्यंत राहू दे.

लोभ आहे. या वेळी मोजून पाठवलेला नाही.

तुझा
रैनो